मुलाच्या अंगावरची गाठ रॅब्डोमायोसार्कोमा निघाली तर: ठाणे आणि नवी मुंबईतील पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या डाव्या पोटरीवर लिंबाएवढी गाठ दिसू लागली. ती दुखत नव्हती, त्यामुळे महिनाभर कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे ती वाढते आहे असे वाटल्यावर ऐरोलीतल्या घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये दाखवली, तेव्हा ‘चरबीची गाठ आहे, काढून टाकू’ असे सांगण्यात आले आणि चार दिवसांत ती काढलीही. काढण्यापूर्वी एमआरआय झाला नव्हता. गाठ तपासणीसाठी पाठवली गेली एवढे मात्र बरे झाले. अकरा दिवसांनी आलेल्या अहवालात रॅब्डोमायोसार्कोमा हा शब्द आम्ही पहिल्यांदा वाचला. त्यानंतर कर्करोग रुग्णालयात गेल्यावर विचारलेला पहिला प्रश्न असा होता की, गाठ नेमकी किती मोठी होती आणि कोणत्या स्नायूत, किती खोलवर होती. त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण गाठ गेली होती आणि तिचे चित्र कोणी काढलेले नव्हते. त्याच जागी, जुन्या व्रणासकट, दुसरी आणि पहिलीपेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागली.

या अनुभवातून आणि नंतरच्या वर्षभरात रुग्णालयाच्या बाकांवर बसून जे शिकले, ते इथे क्रमाने मांडते आहे. या आजारात काही ठिकाणी एका दिवसाचाही उशीर परवडत नाही आणि काही ठिकाणी घाई केल्याने कायमचे नुकसान होते. नेमकी कुठे घाई करायची आणि कुठे थांबायचे, हे पालकांना आधी माहीत असले पाहिजे. मी डॉक्टर नाही. औषधांचे आणि मात्रांचे निर्णय उपचार करणाऱ्या चमूचेच असतात. पण त्या चमूपर्यंत वेळेत पोहोचणे आणि घरी परतल्यावरची काळजी हे काम पालकांचे आहे.

आजाराची ओळख

स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींमध्ये होणाऱ्या कर्करोगांना सार्कोमा म्हणतात. लहान मुलांमधल्या अशा कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा तो रॅब्डोमायोसार्कोमा. तरीही मुलांच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे वस्तीतल्या डॉक्टरांनी आयुष्यभरात असे एकही मूल पाहिलेले नसणे अगदी शक्य आहे. स्नायू होऊ पाहणाऱ्या, पण पूर्ण न घडलेल्या पेशींसारख्या पेशींचा हा रोग आहे. म्हणूनच जिथे मोठे स्नायू नाहीत अशा जागीही, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत, नाकाच्या मागे, मूत्राशयात किंवा वृषणाजवळही, तो होऊ शकतो.

जागेप्रमाणे लक्षणे बदलतात. हातापायावर न दुखणारी, वाढत जाणारी, खोलवर रुतलेली गाठ असते. एक डोळा थोड्याच आठवड्यांत पुढे आल्यासारखा दिसतो. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो, किंवा कानातून मांसाचा अंकुर डोकावतो आणि अँटिबायोटिकच्या दोन-तीन कोर्सनंतरही ‘कान फुटणे’ थांबत नाही. लघवी अडते किंवा तिच्यात रक्त दिसते. मुलग्यांत वृषणाच्या पिशवीत न दुखणारी सूज येते. लहान मुलींत योनीमार्गातून द्राक्षाच्या घोसासारखा भाग बाहेर येतो, आणि संकोचापोटी घरात त्याविषयी बोलले जात नाही, म्हणून ते मुद्दाम लिहिते आहे. यांतली बहुतेक लक्षणे साध्या आजारांतही दिसतात हे खरे, पण औषधाने न हटणारी किंवा आठवड्यागणिक वाढणारी कोणतीही गाठ बालरोगतज्ज्ञांना दाखवून तिची सोनोग्राफी आणि पुढे एमआरआय करून घेणे गरजेचे आहे.

आई-वडील स्वतःला दोष देतात. पडल्यामुळे झाले का, गरोदरपणात काही खाल्ले का, मोबाईलमुळे झाले का, असे प्रश्न आमच्याही घरात आठवडाभर फिरत होते. बहुतेक मुलांमध्ये या रोगाचे कोणतेही कारण सापडत नाही. थोड्या मुलांमध्ये जन्मजात जनुकीय दोष, उदाहरणार्थ ली-फ्राउमेनी सिंड्रोम, मुळाशी असतो. घरात तरुण वयात स्तनाचा, मेंदूचा, हाडाचा किंवा रक्ताचा कर्करोग झालेली माणसे असतील, तर ती माहिती डॉक्टरांना स्वतःहून सांगावी, कारण त्यावरून जनुकीय तपासणी करायची की नाही हे ठरते.

पहिली पायरी: कापण्याआधी थांबणे

गाठ काढून टाकण्यापूर्वी तिचा एमआरआय व्हावा, आणि निदानासाठी संपूर्ण गाठ न काढता तिचा छोटा तुकडा घ्यावा, हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. तुकडा जाड सुईने घेतात, ज्याला कोअर बायोप्सी म्हणतात. केवळ बारीक सुईने शोषून घेतलेल्या पेशी या आजारात सहसा पुरत नाहीत, कारण त्यावर अनेक तपासण्या करायच्या असतात. सुई कोठून घालायची हेसुद्धा पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने ठरवलेले चांगले, कारण सुईचा मार्ग नंतरच्या छेदातच काढून टाकता आला पाहिजे. वृषणाच्या गाठीच्या बाबतीत तर छेद जांघेतून घेतला जातो. पिशवीवरून कापल्यास रोग पसरण्याचा मार्ग बदलतो आणि उपचार वाढतात.

आमच्यासारखी गाठ आधीच निघालेली असेल, तर त्याने सगळे संपले असे नाही. त्या नर्सिंग होममधून शस्त्रक्रियेची लेखी नोंद, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि प्रयोगशाळेतले मूळ ब्लॉक व स्लाइड ताब्यात घ्यावेत. ब्लॉक म्हणजे मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा. कर्करोग रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट तो स्वतः पुन्हा तपासतात, त्यामुळे मुलाची दुसरी बायोप्सी कधीकधी टळते. ब्लॉक मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. तो देताना प्रयोगशाळा पावती करते. त्या पावतीचा फोटो काढून ठेवावा.

दुसरी पायरी: योग्य जागी पोहोचण्याची घाई

निदानाची शंका आली की मग मात्र घाई करावी. या रोगासाठी एका डॉक्टरचा नव्हे, तर बालकर्करोगतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, रेडिएशन तज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांचा एकत्रित निर्णय लागतो. ज्या ठिकाणी हे सर्वजण एकत्र बसून प्रत्येक मुलाची चर्चा करतात, अशाच ठिकाणी उपचार सुरू करावेत. ठाणे आणि नवी मुंबईकरांच्या दृष्टीने परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्याचेच खारघरमधले केंद्र अ‍ॅक्ट्रेक ही दोन ठिकाणे आवाक्यात आहेत. ठाण्याहून पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल खारघरला थांबते, तर परळ मध्य रेल्वेच्या धीम्या मार्गावर आहे. खासगी रुग्णालय निवडायचे असेल तर तिथे पूर्णवेळ बालकर्करोगतज्ज्ञ आहेत का, रात्री-अपरात्री ताप आल्यास तेच रुग्णालय मुलाला दाखल करून घेते का, आणि मुलांसाठी रक्ताचे घटक किरणांची प्रक्रिया करून मिळतात का, हे तीन प्रश्न थेट विचारावेत. मोठ्यांच्या कर्करोगाचे चांगले डॉक्टर मुलांच्या या आजारासाठी आपोआप योग्य ठरत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या दिवशी नोंदणी, फाइल, रक्त, सोनोग्राफी यांत सकाळ ते संध्याकाळ जाते. मुलासोबत दोन मोठी माणसे असावीत, एक रांगेत आणि एक मुलाजवळ. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, आधीचे सर्व अहवाल आणि एमआरआयची सीडी एकाच पिशवीत न्यावी. आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी: रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन नाव नोंदवावे. मदत मागण्याची वेळ पैसे संपल्यावर नसते, त्याआधी असते.

तिसरी पायरी: अहवालात काय पाहायचे

पॅथॉलॉजीच्या अहवालात डेस्मिन, मायोजेनिन आणि मायोडी-१ ही नावे दिसतात. पेशी स्नायूच्या वंशातल्या आहेत हे त्यांवरून सिद्ध होते. त्यानंतर प्रकार लिहिलेला असतो. एम्ब्रायोनल प्रकार लहान मुलांत अधिक आढळतो आणि उपचारांना सहसा चांगला प्रतिसाद देतो. अल्व्हिओलर प्रकार हातापायांत आणि थोड्या मोठ्या मुलांत अधिक दिसतो आणि अधिक आक्रमक असतो. आज मात्र केवळ सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावर न थांबता फॉक्सओ१ या जनुकाची तुटून जोडणी झाली आहे का, हे फिश किंवा पीसीआर तपासणीने पाहतात, कारण आजार कसा वागेल हे त्या जोडणीवरून अधिक नेमके कळते. ती तपासणी झाली आहे का, हे पालकांनी जरूर विचारावे.

त्याबरोबर रोग आणखी कुठे आहे हे शोधतात: छातीचा सीटी स्कॅन, पेट-सीटी, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेची तपासणी, आणि गाठ कवटीच्या तळाशी असेल तर पाठीतून पाणी काढून केलेली तपासणी. गाठ हातापायात असेल तर जवळच्या लसिकाग्रंथीही तपासाव्या लागतात. हे सगळे पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि पालकांना तो वेळ फुकट चालल्यासारखा वाटतो. आम्हालाही तसे वाटले, पण या तपासण्यांवरच पुढचा वर्षभराचा आराखडा उभा राहतो.

जोखीम ठरवताना गाठीची जागा, तिचा आकार पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा आहे का, मुलाचे वय, शस्त्रक्रियेनंतर किती रोग शिल्लक राहिला, फॉक्सओ१ची स्थिती आणि रोगाचा प्रसार या सर्वांचा विचार होतो. एक ते नऊ वर्षांच्या मुलांत निकाल सामान्यतः अधिक चांगले असतात. रोग इतरत्र पसरलेला नसेल तर मोठ्या पाश्चात्त्य अभ्यासांत साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक मुले बरी होतात, कमी जोखमीच्या गटात हे प्रमाण नव्वदच्या घरात जाते, आणि निदानाच्या वेळीच रोग दूरवर पसरलेला असेल तर ते बरेच खाली, तीस टक्क्यांच्या आतबाहेर राहते. आपल्या मुलाचा गट कोणता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. इंटरनेटवर सापडलेला एखादा आकडा आपल्या मुलाच्या गटाचा असेलच असे नाही.

चौथी पायरी: केमो सुरू होण्याआधीची कामे

गाठ पूर्ण निघाली असली तरी प्रत्येक मुलाला केमोथेरपी लागते. डोळ्यांना किंवा स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी रक्तातून इतरत्र गेलेल्या असतात, असे गृहीत धरूनच उपचार केले जातात. केवळ शस्त्रक्रियेवर भिस्त होती त्या काळात बहुसंख्य मुले वाचत नसत. अमेरिकेत १९७२ मध्ये अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन या आजाराचे अभ्यास सुरू केले आणि त्यांतून आजची पद्धत घडत गेली.

विन्क्रिस्टिन आणि अ‍ॅक्टिनोमायसिन-डी ही दोन औषधे जवळपास सर्वत्र असतात. त्यांच्या जोडीला अमेरिकी पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइड आणि युरोपीय पद्धतीत आयफॉस्फामाइड देतात. आवर्तने साधारण तीन आठवड्यांची असतात आणि एकूण उपचार सहा महिने ते वर्षभर चालतात. अधिक जोखमीच्या, पण न पसरलेल्या रोगात या उपचारानंतर आणखी सहा महिने विनोरेल्बिनचे इंजेक्शन आणि सायक्लोफॉस्फामाइडची रोजची छोटी मात्रा दिल्याने पाच वर्षांनंतर हयात असलेल्या मुलांचे प्रमाण ७३.७ वरून ८६.५ टक्क्यांवर गेले, हे एका युरोपीय अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवले. ‘मुख्य उपचार संपला, आता हे कशाला’ असे वाटून हा टप्पा सोडू नये.

औषधे देण्यासाठी छातीत पोर्ट (कातडीखाली बसवलेली छोटी डबी) किंवा दंडातून पीआयसीसी लाइन (मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) बसवतात. विन्क्रिस्टिन आणि अ‍ॅक्टिनोमायसिन-डी शिरेबाहेर सांडल्यास मांस जळते, म्हणून हातावरच्या बारीक शिरेवर महिनोन्‌महिने विसंबू नये. सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइड यांमुळे पुढे मूल होण्याची क्षमता घटू शकते. वयात आलेल्या मुलग्याचे वीर्य केमोच्या आधी जतन करता येते, मुलींसाठीही काही केंद्रांत पर्याय असतात. हा विषय डॉक्टर काढतील याची वाट न पाहता पालकांनी काढावा, कारण पहिल्या केमोनंतर ती संधी राहत नाही.

पाचवी पायरी: केमोचे महिने घरात कसे काढायचे

एक जाड वही करावी. तिच्यात प्रत्येक केमोची तारीख, औषधांची नावे, वजन, रक्ताचे काउंट (रक्तपेशींची मोजणी) आणि झालेला त्रास लिहावा. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरत असल्याने वजन आणि उंची दर वेळी नव्याने मोजली जाते आहे ना, याकडे लक्ष ठेवावे.

विन्क्रिस्टिनमुळे नसांवर परिणाम होतो. बद्धकोष्ठता इतकी होते की पोट फुगते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध त्रास सुरू होण्याआधीच चालू ठेवतात. जबडा दुखतो. पाऊल लोंबू लागते. आमच्या मुलाची चप्पल चालताना सारखी निसटायची आणि आम्ही त्याला ‘नीट चाल’ म्हणून रागावत होतो. ते नसेचे लक्षण होते हे फिजिओथेरपिस्टनी सांगितले. मूल टाचांवर चालू शकते का, हे दर आठवड्याला खेळ म्हणून पाहावे. आणखी एक धोका फार थोड्या पालकांना माहीत असतो: बुरशीवरची इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही औषधे विन्क्रिस्टिनचा विषारी परिणाम कित्येक पटींनी वाढवतात. नायट्यासाठी किंवा तोंडातल्या पांढऱ्या थरासाठी वस्तीतल्या दवाखान्यातून कोणतेही औषध घेण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.

सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइड मूत्राशयाला इजा करतात. त्यासाठी मेस्ना नावाचे औषध आणि भरपूर सलाइन देतात. घरी आल्यावर मुलाने वारंवार पाणी प्यावे, लघवी तुंबवू नये, आणि लघवी लाल दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. केमोनंतर दोन दिवस मुलाची लंगोटी, उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. आयफॉस्फामाइडनंतर मूल असंबद्ध बोलू लागले किंवा प्रमाणाबाहेर झोपाळले, तर तो थकवा समजू नये आणि लगेच सांगावे. अ‍ॅक्टिनोमायसिन-डीनंतर वजन झपाट्याने वाढणे, पोट फुगणे आणि उजव्या बरगडीखाली दुखणे ही यकृतावरच्या गंभीर परिणामाची लक्षणे आहेत.

काउंट वाढवणारे फिल्ग्रास्टिमचे इंजेक्शन दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. औषधाच्या दुकानातून ते बर्फाच्या पॅकसह आणावे, फ्रीजच्या दारात ठेवू नये, बर्फाच्या खणात तर मुळीच नाही.

आहारात ताजे आणि पूर्ण शिजवलेले असावे हा एकच कडक नियम. मऊ खिचडी, वरणभात, नाचणीची पेज, नीट उकडलेले अंडे, शिजवलेली मासळी, सोलून खाता येणारी केळी, संत्री. कच्ची मोड आलेली कडधान्ये, गाडीवरची चटणी, बर्फाचा गोळा, उसाचा रस बंद. तोंड आलेले असताना मूल फक्त गार पेज पिते, तेवढेच प्यायले तरी चालते. वजन घटत राहिले तर नाकातून नळीने अन्न देण्याला घाबरू नये. आजी-आजोबा मायेपोटी काढे, भस्मे, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र सुचवतात. त्यांचा अपमान न करता, पण स्पष्टपणे, ‘डॉक्टरांना विचारून देऊ’ असे म्हणावे आणि खरोखरच विचारावे. यांतल्या काही गोष्टी यकृतावर ताण आणतात, काहींमुळे केमोच्या औषधांचे शरीरातले प्रमाण बदलते.

घणसोली, खारघर, घोडबंदर रस्ता या भागांत कायम बांधकामे चालू असतात. त्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि काउंट कमी असताना ते फुप्फुसात रुजतात. खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेर पडताना मास्क लावावा, आणि स्वतःच्या घरातली फरशी, रंग किंवा सुतारकाम उपचार संपेपर्यंत पुढे ढकलावे. पोट भरण्यासाठी लोकलने प्रवास करणाऱ्या वडिलांनी घरी आल्यावर आधी अंघोळ करून मग मुलाला जवळ घ्यावे, एवढे पुरते. त्यांना मुलापासून दूर राहण्याची गरज नाही.

लसींबाबत: उपचार चालू असताना मुलाला गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी किंवा तोंडावाटे पोलिओचा डोस देत नाहीत. पल्स पोलिओच्या रविवारी दारी येणाऱ्या आरोग्य सेविकेला आजाराविषयी सांगावे, आणि घरातल्या लहान भावंडालाही तोंडावाटे थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्या लसीचा विषाणू शौचावाटे पसरतो. शाळेत किंवा सोसायटीत कोणाला कांजिण्या झाल्याचे कळले आणि मुलाचा संपर्क आला असेल, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा, कारण प्रतिबंधक औषध ठरावीक तासांतच उपयोगी पडते.

ताप: इथे एक तासही मोठा

वरचे सगळे विसरले तरी चालेल, पण हा भाग फ्रीजवर लिहून लावावा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, पाचशेच्या खाली असताना साधा दिसणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. काखेत किंवा तोंडात धरलेल्या डिजिटल थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दिसले, अथवा ताप नसतानाही अंग थरथरून थंडी वाजली, तर रुग्णालयात निघावे. गुदद्वारात थर्मामीटर किंवा औषधाची गोळी कधीही घालू नये. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण ताप उतरतो पण जंतुसंसर्ग तसाच वाढत राहतो. आयब्युप्रोफेन तर घरातच ठेवू नये. प्लेटलेट कमी असताना त्याने रक्तस्राव होतो. दाखल झाल्यापासून पहिल्या साठ मिनिटांत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे.

अडचण अशी की ठाण्याहून परळ किंवा खारघर गाठायला तासापेक्षा जास्त लागू शकतो, आणि जुलैत पाणी भरले की लोकलही बंद, पूर्व द्रुतगती मार्गही ठप्प. म्हणून केमो सुरू होण्याआधीच दुसरी व्यवस्था करावी. घराजवळचे, चोवीस तास बालरोगतज्ज्ञ असलेले एक रुग्णालय निवडून तिथल्या डॉक्टरांना दिवसा भेटून यावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्यावे, ज्यात निदान, कोणती लाइन बसवली आहे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, तापात कोणते अँटिबायोटिक लगेच सुरू करायचे आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे लिहिलेले असेल. शेवटच्या केमोची तारीख दर वेळी स्वतः भरावी. पत्राची प्रत आई-वडिलांच्या फोनमध्ये, मावशीकडे, आणि दाराजवळच्या तयार पिशवीत ठेवावी.

आमच्यावर ती वेळ जुलैतल्या एका रात्री दोन वाजता आली. बाहेर धो धो पाऊस, ऐरोलीतून कुठेही जायला रिक्षा नाही. शेजारच्या काकांनी गाडी काढली, पत्र दाखवले आणि जवळच्या रुग्णालयात चाळीस मिनिटांत पहिला डोस गेला. सकाळी पाणी ओसरल्यावर मुलाला खारघरला हलवले. पत्र नसते तर ‘आधी डेंग्यूची तपासणी करू’ यात दोन-तीन तास गेले असते, कारण पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट पाहिल्यावर तसे वाटणे स्वाभाविक आहे. डेंग्यूची तपासणी जरूर करावी, पण अँटिबायोटिक सुरू झाल्यावर.

सहावी पायरी: शस्त्रक्रिया आणि शेक

केमोची काही आवर्तने झाल्यावर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मूळ जागेवरचा उपचार होतो. आकसलेली गाठ अवयवाला इजा न करता पूर्ण काढता येत असेल तर शस्त्रक्रिया, नसेल तर रेडिएशन, म्हणजेच शेक, आणि अनेकदा दोन्ही. डोळ्याच्या खोबणीतल्या किंवा कवटीच्या तळाच्या गाठीत शस्त्रक्रियेऐवजी शेकावरच भर असतो. स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी झाली म्हणून हा टप्पा टाळावासा वाटतो. तो टाळल्यास रोग त्याच जागी परतण्याचा धोका मोठा असतो.

शेक आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार ते सहा आठवडे चालतो. एकूण मात्रा बहुधा ३६ ते ५०.४ ग्रे (शेक मोजण्याचे एकक) यांच्या दरम्यान असते. मूल लहान असेल तर दर वेळी भूल द्यावी लागते, म्हणून त्याला रोज सकाळी उपाशी न्यायचे असते. नंबर लवकरचा मागून घ्यावा आणि घन आहार किती तास आधी बंद करायचा हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचाराची सोय आहे. प्रोटॉनचे किरण गाठीपाशी थांबतात, पलीकडच्या वाढत्या अवयवांना कमी इजा होते, त्यामुळे डोके, मान आणि ओटीपोटातल्या गाठींसाठी त्याचा विचार होतो. प्रत्येक मुलाला त्याची गरज नसते, पण आपल्या मुलासाठी तो योग्य आहे का, हे विचारणे योग्यच. प्रोटॉनच्या तारखेसाठी केमोचे वेळापत्रक मात्र मोडू देऊ नये.

पैसा आणि राहण्याची सोय

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीला, भेटून मंजुरी उपचार सुरू होण्यापूर्वी घ्यावी. रेशन कार्डावर मुलाचे नाव नसणे ही नेहमीची अडचण, ते आधी चढवून घ्यावे. वागळे इस्टेट किंवा महापे, रबाळे, तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि ईएसआयसीचे सदस्य असलेल्या पालकांनी तिथून संदर्भपत्र घ्यावे. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांच्या अर्जांना रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मुलांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन काम करते, आणि बाहेरगावच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स मोफत निवारा देते. शहापूर, मुरबाड, जव्हारसारख्या भागांतून आलेल्या नातेवाइकांना हे जरूर सांगावे, कारण भाडे आणि प्रवास परवडत नाही म्हणून उपचार मध्येच सोडलेली मुले मी पाहिली आहेत.

मुलाशी आणि भावंडाशी बोलणे

सहा वर्षांच्या मुलाला ‘पायात वाईट गाठ आहे, तिला घालवायला औषध लागेल, केस जातील आणि परत येतील, आणि यात तुझी काहीच चूक नाही’ एवढे सांगता येते. न सांगितल्यास ते दाराआडून ऐकते आणि अधिक घाबरते. सुई दुखणार नाही असे खोटे सांगू नये. मोठ्या बहिणीला आजाराविषयी सांगावे, तिची शाळा आणि पालकसभा कोणी तरी सांभाळावी. आमच्या घरी ते काम माझ्याकडे होते.

उपचार संपल्यावर

रोग परतला तर तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत परततो. त्यामुळे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी, मूळ जागेचे स्कॅन आणि छातीचे चित्र असते, नंतर अंतर वाढत जाते. रोग परतल्यासही काही मुलांत, विशेषतः तो एकाच जागी आणि उशिरा परतला असेल तर, पुन्हा बरे करण्याचे प्रयत्न होतात. रोग हटत नसेल तेव्हा वेदना, श्वास आणि झोप यांची काळजी घेणारा पॅलिएटिव्ह विभाग असतो. त्या विभागाची भेट खरे तर निदानाच्या सुरुवातीलाच घालून द्यावी, कारण वेदना तेव्हापासूनच असतात.

शेक मिळालेल्या भागातले हाड आणि स्नायू हळू वाढतात. डोळ्याजवळ शेक दिला असेल तर मोतीबिंदू, कवटीच्या तळाशी दिला असेल तर वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, आयफॉस्फामाइडनंतर मूत्रपिंडातून क्षार वाहून जाणे, वयात येण्यास उशीर, आणि क्वचित कित्येक वर्षांनी दुसरा कर्करोग, यांवर लक्ष ठेवावे लागते. आमचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. त्याची डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक आहे, तो बुटात जाड तळवा घालून क्रिकेट खेळतो आणि दरवर्षी त्याच्या दोन्ही पायांची लांबी मोजली जाते.

उपचार संपल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी राहिलेल्या आणि पुन्हा द्यायच्या लसींचे वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांकडून आखून घ्यावे. त्याच भेटीत उपचारांचा सारांश मागावा: प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, शेकाची जागा आणि ग्रे, शस्त्रक्रियेच्या नोंदी. त्याच्या दोन प्रती कराव्यात, एक वहीत चिकटवावी आणि दुसरी मुलाच्या जन्मदाखल्यासोबत ठेवावी. अठराव्या वर्षी मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना त्याला ती स्वतः दाखवावी लागेल.